यांजकडून

बद्रीनाथ बेलीफ दारात येऊन उभा राहिला की घरातल्या वस्तू भराभर मालक बदलू लागत. टीव्ही मेहुण्याचा निघायचा, कपाट भाडेकरूचं, मोटारसायकल कुणा दोस्ताची, नुसती दोन दिवस चालवायला आणलेली. एका गड्यानं तर दावणीची शेळी मावशीची असल्याचं सांगितलं, आणि मावशीचं नाव विचारल्यावर ते त्याला आठवेना. कोर्टाच्या नोकरीतल्या एकतीस वर्षांत बद्रीनाथनं इतक्या मावश्या आणि इतके मेहुणे ऐकले होते की त्यांचं एक वेगळं गाव वसलं असतं. त्याला याचा राग येत नसे. घरातली वस्तू चालली तर माणूस एवढं बोलणारच, असं तो म्हणायचा आणि कागदावर पेन चालवत राहायचा.

बेलिफाचं काम लोकांना वाटतं तेवढं रुबाबाचं नसतं. नोटीस नेऊन द्यायची, घेतली नाही तर दाराला चिकटवायची. त्यासाठीची खळ त्याची बायको उषाबाई पहाटे शिजवून डब्यात भरून देई. कुणी कोर्टाचा निकाल लागूनही देणं दिलं नाही, तर वॉरंट घेऊन जायचं आणि त्याच्या घरातला उचलता येण्यासारखा माल उचलून आणायचा. याला जंगम जप्ती म्हणतात. माल कोणता ते ज्याचं येणं आहे त्यानं दाखवायचं, दोन पंच उभे करायचे, पंचनामा लिहायचा. बद्रीनाथ आधी सायकलवर हिंडला, मग लुनावर, शेवटी मोटारसायकलवर; पण दारात उभं राहण्याची त्याची रीत बदलली नाही. चप्पल उंबऱ्याबाहेर काढायची आणि जप्तीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. पाण्याची बाटली तो आपली आपण न्यायचा.

गावोगावी ओळखी पुष्कळ, पण लग्नाच्या पत्रिका थोड्या. मांडवात बद्रीनाथ दिसला की एखादा यजमान उगाच आहेराच्या भांड्यांपुढे जाऊन उभा राहायचा. तरी जिथे बोलावणं असेल तिथे तो जायचा, पोटभर जेवायचा आणि आहेराचं भांडं देऊन यायचा. भांड्यावर नाव घातलेलं असायचं, ‘बद्रीनाथ अप्पाराव, यांजकडून’. याच हिशेबानं त्याच्या स्वतःच्या घरात त्याच्या नावाचं एकही भांडं नव्हतं. हंडा सासऱ्यांच्या नावाचा, परात मावससासऱ्यांच्या, पाण्याचा तांब्या बालमित्राच्या. त्याच्या नावाची भांडी सगळी भाच्यांच्या आणि पुतण्यांच्या घरी. भांड्यावर नाव देणाऱ्याचं असतं, ज्याच्या घरी ते नांदतं त्याचं नसतं. आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही, आणि बद्रीनाथला तर मुळीच लागत नव्हतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याला चूक म्हणायचं की आणखी काही, हे त्यालाच कधी ठरवता आलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात आष्टीच्या अंगद भागवत मोरे याच्यावर जप्तीचं वॉरंट निघालं. अंगदचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. नवीन जालन्यातल्या राधेश्याम शेठकडून त्यानं मांडवाचं कापड उधार घेतलं आणि बिलावरून भांडण झालं. दावा झाला, निकाल शेठच्या बाजूनं लागला. शेठ स्वतः टेम्पो घेऊन आला होता, कारण असल्या कामात तो कुणावर भरवसा ठेवत नसे.

अंगद घरी नव्हता. मांडवाचं कापड, बांबू, खुर्च्या, सगळं त्यानं आधीच कुठंतरी हलवलं होतं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिल्या होत्या फक्त तीन वस्तू: पालथी घातलेली दोन मोठी पितळी भगुणी आणि एक लोखंडी कढई. एकेका भगुण्यात दीडदोनशे माणसांचं वरण सहज शिजावं. घरची स्वयंपाकाची भांडी जप्त करता येत नाहीत, हा नियम बद्रीनाथला पाठ होता. पण एवढ्या भगुण्यात कुणी घरचा स्वयंपाक करत नाही, हेही दिसतच होतं. शेठनं कढई सोडून भगुण्यांकडे बोट दाखवलं.

अंगदची बायको सत्यशीला धावत आली. पदर सावरून, बद्रीनाथकडे न पाहता, जमिनीकडे बघत तिनं सांगितलं, “दादा, ती भगुणी आमची न्हाईत. आमच्या आक्काची हायेत, यांच्या बहिणीची. तिच्या दारातून आत जात न्हाईत म्हणून हितं ठिवलीत.”

बद्रीनाथच्या मनातल्या त्या मावश्यांच्या गावात आणखी एक आक्का येऊन राहिली. त्यानं सवयीनं विचारलं की भांड्यावर नाव कुणाचं आहे. सत्यशीला म्हणाली, “नाव तर यांचंच हाये. पर यांनीच दिलीत ना तिला.”

तो वाकला. भगुण्याच्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलं होतं: अंगद भागवत मोरे, आष्टी. पुढे ‘यांजकडून’ नव्हतं. कोरणारे अक्षरामागे पैसे घेतात, म्हणून पुष्कळ लोक तेवढा शब्द गाळतात. वाचणारा तो मनातल्या मनात वाचून घेतो. बद्रीनाथनंही वाचून घेतला. बोट त्या ठिपक्यांवरून फिरवलं आणि क्षणभर त्याला आपल्या घरचा हंडा आठवला. मागून शेठ म्हणाला, “नाम तो साफ लिखा है, बेलीफसाब. अजून काय पाहून राह्यले?”

मग त्यानं पंचनाम्यात लिहिलं: ‘भांड्यांवर ऋणको अंगद भागवत मोरे याचे नाव कोरलेले आहे.’ या वाक्यात खोटं एक अक्षर नव्हतं. त्याच्या खाली दुसरं वाक्य यायला हवं होतं, की हजर असलेल्या बाईने सदर भांडी नणंदेची असल्याचे सांगितले. ते त्याच्या पेनाच्या टोकाशी आलंही होतं. पण कागद तिथेच संपला होता. खाली पंचांच्या सह्यांपुरती जागा. दुसरा कागद जोडायचा म्हणजे पुन्हा कार्बन लावा, पुन्हा पंचांच्या सह्या घ्या. आणि दोन पंचांपैकी एकाला मोटार सुरू करायला शेतात पळायचं होतं, कारण लाईट तीनलाच जाणार होती. ऊन मी म्हणत होतं. बद्रीनाथनं सह्या घेतल्या. भगुणी टेम्पोत चढवायला चार माणसं लागली.

दैवशाला, म्हणजे ती आक्का, त्या वेळी जांब समर्थला होती. रामनवमीच्या उत्सवाला आलेल्या एका मोठ्या कुटुंबाचं जेवण ठरवायला गेली होती. दैवशाला आचारी. नवरा गेला तेव्हा पदरात काही नव्हतं, हाताला चव मात्र होती. त्या वर्षीच्या भाऊबिजेला अंगदनं साडी आणली नाही. जालन्याच्या बाजारातून ही भगुणी आणली. चौदा वर्षं तिनं त्यात येसर, म्हणजे लग्नाच्या पंगतीतली ती भाजक्या पिठाची झणझणीत आमटी, शिजवलं, वांग्याची भाजी शिजवली, बुंदीचा पाक केला. आष्टीपासून वाटूरपर्यंत लोक लग्नाची तारीख धरण्याआधी तिला फोन लावायचे. बायकांनी आचारीपण करायचं नसतं असं म्हणणारे होते, पण तेही पंगतीत दुसऱ्यांदा येसर मागून घ्यायचे. तिचं घर मात्र दोन खोल्यांचं आणि दार एवढंसं, म्हणून भगुणी भावाच्या शेडमध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोर्टाच्या आवारात आली. बेलीफ कोण, असं विचारत बद्रीनाथसमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. तिला वाटत होतं की काहीतरी गैरसमज झाला आहे, आणि माणसाला माणसानं समजावून सांगितलं की तो मिटतो. बद्रीनाथनं तिला सांगितलं की बाई, भांड्यावर नाव तुमच्या भावाचं आहे.

“मंग?” ती म्हणाली. “देणाऱ्याचंच असतंय ना नाव. तुमच्या घरी उलटं करतेत का?”

ती त्याच्या तोंडाकडे निरखून बघत होती. मग तिला ओळख पटली. म्हणाली, “वाटूरच्या लग्नात तुमी माझ्या हातचं जेवले व्हते. येसर लई आवडलं म्हून मुद्दाम आत येऊन सांगितलं. त्याच भगुण्यातलं व्हतं ते.”

जेवताना कुणी भगुण्याकडे बघत नाही. पण येसरची चव बद्रीनाथला लगेच आठवली, आणि आठवली ती त्या सकाळी नको तेव्हा. त्यानं तिला आकांक्षा वकीलबाईंकडे पाठवलं. नवीन होती, हुशार होती, आणि मुख्य म्हणजे गरिबाचं काम करताना वैतागत नसे. तिनं हरकतीचा अर्ज तयार केला: जप्त केलेला माल ऋणकोचा नसून माझा आहे. मग विचारलं, भांडी तुमची आहेत याचं काही लेखी? पावती? चौदा वर्षांपूर्वी भावानं बहिणीला दिलेल्या भाऊबिजेची पावती कोण ठेवतं! लेखी म्हणून एकच गोष्ट होती, ती भांड्यावरच होती, आणि ती नेमकी दैवशालाच्या विरुद्ध बोलत होती. वकीलबाईनं विचारलं, जप्तीच्या वेळी कुणी हे सांगितलं होतं का? सत्यशीलानं सांगितलं होतं. पंचनाम्यात आहे का? पंचनाम्यात नव्हतं.

बद्रीनाथ नाझरकडे गेला. नाझर म्हणजे कोर्टातल्या बेलिफांचा वरिष्ठ. काकासाहेब नावाचा, माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कागदावर सुरकुती चालत नसे. बद्रीनाथनं सांगितलं की पंचनाम्यात एक वाक्य राहून गेलं आहे, ते पुरवणी म्हणून जोडायचं आहे. काकासाहेबांनी चष्मा काढला. “पंचनामा म्हंजी काय घरची चिठ्ठी हाये का, आठवंल तसं लिहायला? पुरवणी दिली की तुमच्यावर चौकशी. आठ म्हैने राह्यले तुमचे. पेन्शनचे कागद गेल्ते का वर? न्हाई ना. मंग गप बसा.”

आणि तो गप बसला. इथे मला त्याचा राग येतो. एकतीस वर्षं ज्यानं जप्तीच्या घरचं पाणी घेतलं नाही, त्यानं आठ महिन्यांसाठी एक वाक्य गिळावं! पण राग धरून तरी काय करता, त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर पाणीही प्यालो असतो आणि वाक्यही गिळलं असतं. शिवाय तो काही निर्धास्त बसला नव्हता. त्याला वाटत होतं, अर्ज तर झाला आहे, सुनावणी होईल, मला साक्षीला बोलावतील, तेव्हा मी तोंडानं सांगेन.

सुनावणीच्या आधी लिलावाची तारीख आली. आकांक्षानं लिलाव थांबवण्याचा अर्ज दिला होता. पण न्यायाधीश साहेब रजेवर गेले आणि ज्यांच्याकडे कामकाज आलं ते म्हणाले, मूळ साहेब आल्यावर बघतील. मूळ साहेब यायला अवकाश होता आणि लिलाव काही रजेवर गेलेला नव्हता. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली भगुणी आणून ठेवली. बोली पुकारणं बेलिफाचं काम, म्हणून ती बद्रीनाथनंच पुकारली. दैवशाला पायरीपाशी उभी होती. कुणीतरी तिला म्हणालं, बाई, तुम्हीच बोली लावा आणि सोडवून घ्या. ती म्हणाली, माझंच मी कसं विकत घेऊ? असं बोलताना तिचा आवाज अगदी साधा होता, खरंच विचारत असल्यासारखा.

जालन्याहून आलेल्या, जुनी भांडी मोडीत घेणाऱ्या एका मोडवाल्यानं बोली घेतली. एक वार, दोन वार, तीन वार म्हणताना बद्रीनाथ प्रत्येक वेळी जरा जास्तच थांबला. कशासाठी थांबत होता कोण जाणे; कुणी येणार नव्हतं. पैसे भरून झाल्यावर मोडवाल्याच्या लक्षात आलं की ही धुडं टेम्पोत फार जागा खाणार, अजून दोन ठिकाणचा माल घ्यायचा आहे. त्यानं घण मागवला. तिथेच, आवारात, दोन माणसांनी भगुणी ठोकून चपटी केली. पितळेचा आवाज केवढा होतो! आतल्या साक्षीला दोन मिनिटं थांबावं लागलं, शिपाई बाहेर येऊन बघून गेला. दैवशालानं कानांवर हात ठेवले नाहीत. नाव कोरलेला काठ घडी होऊन आत गेला तेव्हा ती एकदाच म्हणाली, “हळू.” मग ती निघून गेली.

उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनमध्ये हरकतीच्या अर्जाची तारीख लागली. बद्रीनाथनं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. ते दुसरं वाक्य त्यानं पाठ केलं होतं, म्हणजे पाठ करण्यासारखं त्यात काय होतं, पण अंघोळ करताना, मोटारसायकलवर, तो ते म्हणत होता. काकासाहेबांनी काय बोलायचं ते ठरवून दिलं होतं. त्यानं मनात ठरवलं होतं की ते बोलायचं नाही. होईल ती चौकशी होऊ दे. साडेअकरापासून तो कोर्टाच्या दाराशी उभा राहिला. पुकारा झाला. तीन मिनिटांत काम आटोपलं. साहेब म्हणाले, मालाची विक्री होऊन गेली आहे, अर्जात आता काही उरलेलं नाही, अर्ज निकाली. अर्जदाराला वाटल्यास तिनं स्वतंत्र दावा करावा. बेलिफाला कुणी आत बोलावलं नाही. बद्रीनाथ इस्त्रीच्या शर्टात बाहेर उभा होता आणि शिपाई पुढच्या कामाचं नाव पुकारत होता.

दावा कुणावर करायचा, हा प्रश्न मग निघाला. अंगदनं बहिणीसाठी धावपळ केली, पण त्याचं तोंड तिच्यासमोर उघडत नव्हतं, आणि तीही त्याच्याशी बोलेनाशी झाली. आकांक्षानं शेठला नोटीस पाठवली. शेठचं उत्तर आलं: मी घर दाखवलं, माल दाखवला, नाव बेलिफानं वाचलं, उचलला बेलिफानं. तिनं बद्रीनाथला नोटीस पाठवली. सरकारी वकिलांनी उत्तर लिहिलं: कोर्टाच्या हुकमाची अंमलबजावणी करणाऱ्या कर्मचाऱ्यावर दावा चालत नाही, त्यानं सद्भावनेनं काम केलं आहे. आणि कोर्टानं काय केलं? कोर्टानं समोर आलेल्या पंचनाम्यावर विश्वास ठेवला. तिघेही बरोबर होते.

बद्रीनाथ ते उत्तर खिशात घालून संध्याकाळी आकांक्षाच्या घरी गेला. म्हणाला, ताई, सद्भावना काही नव्हती, मला माहीत होतं. मी लिहून देतो, सही करतो, माझ्यावर दावा लावा. तिनं त्याला बसायला सांगितलं, चहा दिला आणि समजावलं. लिहून दिलंत तरी ते तुमच्या सहीच्या पंचनाम्याविरुद्ध जाईल. नोकरीत चौकशी होईल ती होईल, पण तुमच्या कबुलीनं दैवशालाबाईंना भगुणी मिळणार नाहीत. वॉरंट खरं होतं, शिक्का खरा होता, कायदा त्या शिक्क्याच्या मागे उभा राहतो. “तुम्हाला वाटतं तसं तुम्ही यात कुठंच न्हाई, काका,” ती म्हणाली. हे ऐकून त्याचं ओझं हलकं व्हायला हवं होतं. तो मात्र घरी येईपर्यंत तेच ऐकत राहिला, की आपण यात कुठंच नाही.

आठ महिने संपले. निरोपसमारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला आणि स्टीलची एक टाकी मिळाली. टाकीवर मशीननं सुरेख नाव घातलं होतं: ‘कर्मचारी मित्रमंडळ, यांजकडून’. एकही अक्षर गाळलं नव्हतं. भाषणात काकासाहेब म्हणाले की बद्रीनाथच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत एक तक्रार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बद्रीनाथ टाकीकडे बघत होता.

पुढच्याच आठवड्यात तो जालन्याला गेला. भांड्यांच्या दुकानात त्यानं तसलंच पितळी भगुणं पाहिलं. दोन घेण्याची ऐपत नव्हती; एक घेतलं. दुकानदारानं सवयीनं विचारलं, नाव काय घालायचं? बद्रीनाथ गोंधळला. आपलं नाव घालावं तर बेलिफाचं नाव तिच्या घरात कायमचं बसणार, आणि तिचं घालावं तर देणाऱ्यानं घेणाऱ्याचं नाव घातल्याचं त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, राहू द्या, कोरं द्या. बिल करताना दुकानदारानं पुन्हा नाव विचारलं, आणि इथे मात्र त्यानं विचार न करता आपलं सांगून टाकलं.

आष्टीला तो टेम्पोनं पोचला तेव्हा दैवशाला नुकतीच कामावरून आली होती. आता ती दुसऱ्या एका आचाऱ्याच्या हाताखाली पोळ्या लाटायला जायची. येसर तो करायचा. कसं करतो, असं कुणी विचारलं तर ती सांगत नसे. बद्रीनाथला बघून तिनं बसायला सतरंजी टाकली आणि पाणी आणलं. हे जप्तीचं घर नव्हतं; तो पाणी प्याला. तांब्या खाली ठेवताना त्याच्या अंगठ्याला खरखरीत लागलं. काठाखालची जागा कानशीनं घासलेली होती. त्यानं मांडणीकडे पाहिलं. कळशी, परात, डबे, सगळ्यांवर तसलाच पांढुरका ओरखडा. आईबापाचं नाव, भावाचं नाव, मामाचं नाव, तिनं एकेक बसून घासून काढलं होतं.

बाहेर टेम्पोतून भगुणं उतरवलं. दैवशाला त्याच्याभोवती फिरली, काठाखाली हात फिरवला. बोटांनी वाजवून पाहिलं. धातू चांगला आहे म्हणाली. मग विचारलं, “पावती हाये का?”

त्यानं खिशातून काढून दिली. ती दाराच्या उजेडात जाऊन एकेक अक्षर लावत वाचत राहिली.

“हे तर तुमच्या नावानं हाये.”

“असू द्या की,” बद्रीनाथ म्हणाला. “दिलं मी तुमाला. चार माणसांत सांगतो, पाह्यजे तर.”

“माझ्या भावजयीनं बी सांगितलं व्हतं, बेलीफसाहेब. चार माणसांत.”

ती हे टोचून बोलली नाही. तिनं पावतीची घडी पहिल्यासारखीच घातली आणि त्याच्या हातात दिली. म्हणाली की तुम्ही आलात, बरं वाटलं, पण हे माझ्याच्यानं ठेवून घेणं व्हायचं नाही. तुमचं उद्या काय होईल, तुमच्या पोरांचं काय होईल, कुणाचा कागद कुठून निघेल, कुणी सांगावं. बद्रीनाथनं पावती तिच्या नावानं करून आणतो म्हटलं. ती थोडं हसली. “किती पावत्या करता. मला आता कुणाचं दिलेलं घ्यायला भ्याव वाटतंय. घेऊन जा, भाऊ. तसं बी माझ्या दारातून आत जायचं न्हाई ते.”

टेम्पोवाल्यानं परतीचं भाडं वेगळं लावलं. बद्रीनाथच्या घरीही ते दारातून आत गेलं नाही. आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं, शेवटी ओट्यावर पालथं घातलं. उषाबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी विचारलं, हे कुणाचं?

“आपलं न्हाई,” बद्रीनाथ म्हणाला. “आष्टीच्या एका बाईचं हाये. तिच्या दारातून आत जात न्हाई.”

उषाबाईंनी भगुण्याभोवती एक फेरी मारली, वाकून काठाखाली नाव शोधलं. नाव कुठंच नव्हतं. त्याच्या खिशातून डोकावणारी पावती त्यांनी ओढून घेतली आणि वाचली. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो पुन्हा तेच म्हणाला. उषाबाईंचा विश्वास बसला नाही.